आडवाटेवरचा जुना सोबती : जीपीएस यंत्र कसे वापरावे?

सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरले की ओळखीची वाटही अनोळखी होते. हरिश्चंद्रगडाचे पठार हे त्याचे नेहमीचे उदाहरण. खिरेश्वरहून निघालेली वाट टोलार खिंडीपर्यंत बऱ्यापैकी ठळक आहे. तेथून कातळटप्पा चढून माथा गाठला, की एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांची रांग सुरू होते. एक चढावी, उतरावी, पुन्हा दुसरी समोर यावी, असा हा प्रकार. उन्हाळ्यात देऊळ गाठणे अवघड नसते. परंतु आषाढ-श्रावणातल्या धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, ढोरवाटा आणि पाऊलवाटा एकमेकींत मिसळतात आणि चुकलेले पाऊल कुठल्या बाजूला नेईल हे सांगता येत नाही. याच पठाराच्या एका अंगाला कोकणकड्याची सरळ तुटलेली धार आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दिशा चुकण्याची किंमत कळते.

अशा ठिकाणी अनेक जुन्या गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत आजही एक लहानसे, बटणांचे, काळ्या-करड्या पडद्याचे यंत्र आढळते. दोन हजारच्या दशकात परदेशातल्या नातलगाकडून मागवलेले किंवा गटाने वर्गणी काढून घेतलेले हे हाती धरण्याचे जीपीएस यंत्र. मोबाइल फोन आल्यावर त्यातली बहुतेक यंत्रे कपाटात गेली. तरीही पावसात भिजलेल्या बोटांनी फोनचा पडदा दाद देत नाही, थंडीवाऱ्यात त्याची बॅटरी झपाट्याने उतरते आणि ती संपली की डोंगरात बदलता येत नाही, हा अनुभव आल्यावर काहींनी ही यंत्रे पुन्हा बाहेर काढली आहेत. पेन्सिल सेलच्या जोडीवर दिवसभर चालणारे आणि ओल्या हातमोज्यानेही हाताळता येणारे हे साधन निरुपयोगी ठरलेले नाही. मात्र त्याच्या मर्यादा माहीत नसतील, तर तेच यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या ठिकाणी नेऊ शकते. म्हणूनच ते कसे चालते आणि कसे वापरावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र नेमके काय करते?

ग्लोबल पोझिशनिंग सिस्टीम ही अमेरिकेची उपग्रहव्यवस्था १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, सहा वेगवेगळ्या कक्षांमध्ये किमान २४ उपग्रह फिरत राहतील अशी तिची रचना आहे. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असते. ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत’ असा संदेश तो सतत प्रक्षेपित करत असतो.

हातातले यंत्र हा संदेश केवळ ऐकते. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून ते उपग्रहाचे अंतर काढते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने येत असल्याने हा फरक सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याइतका अल्प असतो, आणि घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची तफावत पडते. खिशातल्या यंत्रात आण्विक घड्याळ बसवणे शक्य नसते. त्यामुळे अक्षांश, रेखांश आणि उंची यांसाठी तीन, तर स्वतःच्या घड्याळातली चूक शोधण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह त्याला लागतात. तीनच उपग्रह मिळाले तर जुनी यंत्रे शेवटची माहीत असलेली उंची गृहीत धरून स्थान दाखवतात. पडद्यावर ‘टू-डी’ अशी अक्षरे दिसतात ती याच वेळी. सपाटीवर हे चालून जाते. घाटात मात्र उंची शेकडो मीटरने बदललेली असते, आणि मग दाखवलेले स्थानही बरेच सरकलेले असू शकते. ‘थ्री-डी’ अशी खूण येईपर्यंत आकड्यांवर विसंबू नये, हा पहिला नियम.

यंत्र काहीही पाठवत नसल्याने आपण कुठे आहोत हे अन्य कुणाला त्यातून कळत नाही. वाट चुकल्यावर ‘जीपीएस जवळ आहे, म्हणजे शोधपथकाला आपण सापडू’ अशी समजूत काहींची असते. ती सर्वस्वी चुकीची आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी साधने वेगळी. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीविना बाळगता वा वापरता येत नाहीत. परदेशातून एखादे ‘जीपीएस’ मागवताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मे २००० चा निर्णय

ही यंत्रे सर्वसामान्यांच्या उपयोगाची झाली ती एका राजकीय निर्णयामुळे. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका हेतुतः चूक मिसळत असे. शत्रूला अचूक स्थान मिळू नये, हा त्यामागील उद्देश. त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही पद्धत बंद करण्याची घोषणा १ मे २००० रोजी केली आणि त्याच रात्री जगभरातील यंत्रे एकाएकी अधिक अचूक झाली. ज्या यंत्राला आदल्या दिवशी खिंड कोणती आणि शेजारची घळ कोणती यातला फरक कळत नव्हता, तेच यंत्र दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या आकाशाखाली दहा-पंधरा मीटरच्या आत स्थान सांगू लागले. यंत्रात कोणताही बदल झाला नव्हता. संदेशातील खोट काढून टाकली गेली होती.

त्याच सुमारास बाजारात आलेले गार्मिन कंपनीचे पिवळ्या रंगाचे ‘ई-ट्रेक्स’ हे या पिढीचे प्रातिनिधिक यंत्र म्हणता येईल. सेलसह वजन सुमारे १५० ग्रॅम, एकाच वेळी १२ उपग्रहांचा माग घेण्याची क्षमता, ५०० ठिकाणे साठवण्याची सोय आणि नकाशा मात्र मुळीच नाही. पडद्यावर एक बाण, काही आकडे आणि चाललेल्या वाटेची ठिपक्यांची रेघ, एवढाच त्याचा संसार. आजचे उपग्रह जुना नागरी संदेश अजूनही प्रक्षेपित करतात, त्यामुळे ही यंत्रे आजही काम करतात. भारताच्या ‘नाविक’ किंवा रशियाच्या ‘ग्लोनास’ व्यवस्थेचे उपग्रह मात्र त्यांना ऐकू येत नाहीत. आजचा साधा फोनही अनेक व्यवस्थांचे उपग्रह एकत्र वापरतो. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत फोन स्थान दाखवत असताना जुने यंत्र चाचपडत राहते, त्याचे हे एक कारण आहे.

कपाटातून काढल्यावर

वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र थेट डोंगरावर नेऊ नये. प्रथम सेलचा कप्पा उघडून पाहावा. आत विसरलेले अल्कलाइन सेल गळून पितळी पट्ट्यांवर पांढरट थर जमलेला असतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित बुडवलेल्या कापसाने तो पुसून, पट्ट्या पूर्ण कोरड्या करूनच नवे सेल घालावेत. कडेची रबरी पट्टी सैल पडली असल्यास यंत्र नवे असतानाचा जलरोधक दर्जा आता गृहीत धरता येणार नाही. अर्धा तास एक मीटर पाण्यात टिकण्याची हमी नव्या यंत्राची होती, वीस वर्षांच्या यंत्राची नव्हे. पावसाळी भटकंतीत ते पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. प्लास्टिकमुळे संदेश अडत नाही.

यानंतरचे काम धीराचे. कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल याचे एक ढोबळ वेळापत्रक यंत्राच्या स्मृतीत असते. दीर्घकाळ बंद राहिलेल्या किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेल्या यंत्राजवळचे हे वेळापत्रक निरुपयोगी झालेले असते. संपूर्ण वेळापत्रक उपग्रहाकडून उतरवून घेण्यास साडेबारा मिनिटे लागतात, कारण संदेशाचा वेग सेकंदाला अवघा ५० बिट इतका आहे. म्हणून गच्चीवर किंवा मैदानात, चहूबाजूंनी आकाश मोकळे असेल अशा जागी यंत्र सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे न हलवता ठेवावे. गाडीत बसून, खिडकीतून यंत्र बाहेर काढून ‘सिग्नल येत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. एकदा हे झाले की पुढील काही दिवस यंत्र मिनिटभरात जागे होते.

तारीख चुकते, सूर्यास्तही चुकतो

जुन्या यंत्राचा आणखी एक दोष अनेकांच्या ध्यानात येत नाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी ० ते १०२३ अशीच करता येते. १,०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९ वर्षे ७ महिने झाले, की मोजणी पुन्हा शून्यावर येते. अशी पहिली वेळ ऑगस्ट १९९९ मध्ये आणि दुसरी ६-७ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री आली. तिसरी नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्या यंत्रांच्या प्रणालीत याची तजवीज नाही, ती तेव्हापासून साडेएकोणीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागतात. काही यंत्रांत हा घोटाळा याच दिवशी न होता पुढेमागे होतो.

स्थान सहसा बरोबरच राहते, त्यामुळे ‘तारखेचे काय एवढे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या यंत्रांतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा तारखेवरूनच काढलेल्या असतात आणि १,०२४ आठवडे ही पूर्ण वर्षांची संख्या नाही. १५ डिसेंबर २०२४ रोजी अशा यंत्रात १ मे २००५ ही तारीख दिसली असती. डिसेंबरच्या मध्यात पुण्याच्या परिसरात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्याच्या प्रारंभी तो सातच्या जवळपास मावळतो. यंत्रावर विश्वासून परतीची वेळ ठरवणाऱ्याला त्या दिवशी पाऊण तासाहून अधिक उजेड जास्त आहे असे वाटले असते. कड्यालगतच्या उतरणीवर अंधार गाठण्यास एवढा काळ पुरेसा असतो. यंत्रातील तारीख चुकत असेल तर सूर्यास्ताची वेळ पंचांगातून किंवा वर्तमानपत्रातून टिपून घ्यावी.

आकडा बरोबर, जागा चुकीची

जीपीएसच्या वापरात सर्वाधिक चुका उपग्रहांमुळे नव्हे, तर आकडे लिहिण्या-वाचण्याच्या पद्धतीमुळे होतात. एकच अक्षांश तीन प्रकारे लिहिता येतो. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील एक अक्षांश घेऊ : १९ अंश २३.४०० मिनिटे. हाच अंश-मिनिट-सेकंदांत १९ अंश २३ मिनिटे २४ सेकंद होतो आणि केवळ दशांश अंशांत १९.३९ अंश. तिन्ही लेखन बरोबर आहे आणि तिन्हींचा अर्थ एकच आहे.

घोळ होतो तो एका पद्धतीतला आकडा दुसऱ्या पद्धतीत भरल्यावर. ‘२३.४० मिनिटे’ हे ‘२३ मिनिटे ४० सेकंद’ असे वाचले गेले, तर १६ सेकंदांचा फरक पडतो. एक सेकंद अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. म्हणजेच चूक जवळपास अर्ध्या किलोमीटरची. ‘१९ अंश २३.४ मिनिटे’ हे ‘१९.२३४ अंश’ असे भरले गेले, तर ठिकाण सतरा किलोमीटर दक्षिणेला सरकते. सतरा किलोमीटरची चूक नकाशावर लगेच डोळ्यांत भरते. घात करते ती अर्ध्या किलोमीटरची चूक, कारण ती खरी वाटते. जुन्या गार्मिन यंत्रांत सहसा अंश आणि दशांश मिनिटे ही पद्धत आधीच निवडलेली असते, तर संगणकावरील नकाशे बहुधा दशांश अंश देतात. गटातील सर्वांनी एकच पद्धत ठरवावी आणि यंत्रातील ‘सेटअप’मध्ये तीच निवडलेली आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे.

दुसरा प्रश्न नकाशाच्या पायाचा, ज्याला ‘डेटम’ म्हणतात. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने नकाशे काढताना तिचा एक आकार गृहीत धरावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या आकारावर आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूर या मूळ बिंदूवर आधारलेले आहेत. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ हा जागतिक पाया वापरते. परिणामी जुन्या टोपोशीटवरून मोजून घेतलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे यंत्रात भरले, तर आपल्या भागात शंभर मीटरच्या घरात फरक पडतो. पठारावर शंभर मीटरने बिघडत नाही. दोन शेजारच्या नाळांपैकी एक उतरण्याजोगी आणि दुसरी कड्यात संपणारी असेल, तर तेवढ्यानेच सारे बिघडते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वेक्षण विभागाने नागरी वापरासाठी ‘ओपन सिरीज’ हे स्वतंत्र नकाशे काढले. ते डब्ल्यूजीएस-८४ वर आधारलेले असल्याने जीपीएसशी थेट जुळतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील निर्बंध आणखी सैल केले. हाती असलेला कागद कोणत्या मालिकेतला आहे, हे त्याच्या समासातील मजकुरावरून कळते. तो वाचल्याविना त्यावरचे आकडे यंत्रात भरू नयेत.

घरी करावयाची तयारी

जुन्या यंत्रात नकाशा नसल्याने अर्धे काम घरीच करावे लागते. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. वाटेवरील निर्णायक जागा या नकाशावर निवडून त्यांचे अक्षांश-रेखांश यंत्रात साठवावेत. निर्णायक जागा म्हणजे केवळ पोहोचण्याचे ठिकाण नव्हे. जिथे वाट दिशा बदलते, जिथे दोन वाटा फुटतात, जिथे धार सोडून सोंडेवर उतरायचे असते, त्या जागा अधिक महत्त्वाच्या. खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगड करावयाचा असेल, तर गाव, टोलार खिंड, कातळटप्प्याचा माथा, पठारावरील दोन-तीन वळणे आणि हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ एवढी ठिकाणे पुरेशी होतात. पठारावरील बिंदू निवडताना कड्याच्या काठापासून ऐसपैस अंतर ठेवावे. यंत्राची चूक आणि नकाशावरून मोजण्यातली चूक या दोहोंची बेरीज त्यात सामावली पाहिजे.

पिवळ्या ई-ट्रेक्ससारख्या यंत्रात ठिकाणाचे नाव सहा रोमन अक्षरांतच बसवावे लागते. त्यामुळे क्रमांक आणि दोन-तीन अक्षरे अशी सोपी पद्धत ठरवून त्यांची यादी कागदावर लिहावी आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून सोबत ठेवावा. बटणांनी एकेक आकडा भरण्याचा कंटाळा असेल, तर संगणकाचा मार्ग आहे. या यंत्रांना जुन्या पद्धतीची सिरीयल केबल लागते. आजच्या संगणकाला ती थेट जोडता येत नसली, तरी यूएसबीचा जोड मिळतो आणि ‘जीपीएसबेबल’सारखे मोफत सॉफ्टवेअर नव्या-जुन्या यंत्रांमधील माहितीची देवघेव करून देते.

वाटेवर

गाडीतून उतरल्यावर पहिले काम म्हणजे यंत्र सुरू करून स्थान निश्चित होऊ देणे. यंत्राला स्थान मिळण्यापूर्वी चालू लागल्यास सुरुवातीची वाट नोंदलीच जात नाही, आणि अंधारात परतताना नेमका तोच शेवटचा तुकडा लागतो. मागील भटकंतीची रेघ पुसून नवी नोंद सुरू करावी आणि जिथे गाडी किंवा मुक्काम आहे ती जागा साठवावी. नकाशावरून घेतलेल्या बिंदूपेक्षा प्रत्यक्ष उभे राहून साठवलेला बिंदू केव्हाही अधिक भरवशाचा असतो. म्हणून चढताना प्रत्येक फाट्यावर थांबून जागा टिपावी.

यंत्र धरण्याचीही एक रीत आहे. ई-ट्रेक्ससारख्या यंत्रात चौकोनी, चपटा अँटेना पडद्याच्या बाजूला असतो. त्यामुळे ते तळहातावर आडवे, पडदा आकाशाकडे करून धरावे. डोक्यावर जाडसर दांडा असलेल्या यंत्रांत पिळदार अँटेना असतो. ती उभी धरावीत. खिशात किंवा पिशवीच्या तळाशी ठेवलेले यंत्र माणसाच्या शरीराआड जाते आणि नोंदलेली रेघ वेडीवाकडी होते. पिशवीच्या खांद्यावरील पट्ट्याला ते बांधणे सोयीचे ठरते.

बाण पाहताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली म्हणजे साध्या यंत्रात होकायंत्र नसते. लागोपाठच्या दोन स्थानांवरून ते चालण्याची दिशा ठरवते, म्हणजेच उभ्या माणसाला त्याचा बाण काहीही दाखवू शकतो. धुक्यात थबकून यंत्र गोल फिरवत बसण्याने गोंधळ वाढतो. यंत्रावरील ‘बेअरिंग’चा आकडा वाचावा आणि तेवढ्या अंशांची दिशा साध्या चुंबकी होकायंत्रावर धरून चालावे, ही खात्रीची पद्धत. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्याने त्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. ठरलेली दिशा धरून थोडे चालून झाले की पुन्हा यंत्र पाहावे. गटातल्या एकाने हेच काम करावे आणि दुसऱ्याने पायाखालची जमीन पाहावी. दोन्ही कामे एकाच माणसाने केली की अपघात होतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यंत्र दाखवते ती सरळ रेषा. समोरच्या ठिकाणाचे अंतर ८०० मीटर असे पडद्यावर दिसले, म्हणजे वाट ८०० मीटरची आहे असे नव्हे. मधे दरी आहे की कडा, हे त्याला ठाऊक नसते. सह्याद्रीची घडण लाव्हाच्या थरांची. पायऱ्यांसारखे उभे कातळटप्पे आणि त्यांमधले पदर अशी त्याची रचना असल्याने दोन ठिकाणांमधली सरळ रेषा अनेकदा हवेतून जाते. ‘इथून खाली गाव चारशे मीटरवर आहे’ असे पाहून नाळेत शिरलेले लोक मधल्या टप्प्यावर अडकतात. तिथून ना वर जाता येत, ना खाली उतरता येत. बाणाने दिशा सांगावी आणि वाट नकाशाने, जमिनीने व स्थानिक माणसाने सांगावी, अशी कामाची विभागणी असली पाहिजे.

आल्या वाटेने परत

या यंत्राची खरी किंमत वळते ती परतीला. चालून आलेल्या वाटेची ठिपक्यांची रेघ स्मृतीत असते आणि ‘ट्रॅकबॅक’ या सोयीने तीच उलट क्रमाने दाखवता येते. ज्या वाटेने माणूस वर आला, ती वाट उतरण्याजोगी असण्याची शक्यता सर्वाधिक. धुके दाटले, ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या, की नवी वाट शोधण्याऐवजी रेघेवर परतावे. यासाठी दिवसभर यंत्र सुरूच ठेवावे लागते. सेल वाचवण्यासाठी ते अधूनमधून बंद करणाऱ्यांच्या रेघेत मोठ्या फटी पडतात आणि यंत्र त्या फटी सरळ रेषेने जोडते. सेलची एक जादा जोडी सोबत ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरत असल्यास यंत्रात तसा प्रकार निवडावा. अन्यथा शिल्लक शक्तीचा आकडा दिशाभूल करतो. जुन्या यंत्रात नोंद साठवताना बिंदू गाळले जातात आणि रेघ ढोबळ होते. त्यामुळे खाली पोहोचेपर्यंत चालू नोंद पुसू नये.

यंत्र कुठे फसते, हेही माहीत असावे. नळीच्या वाटेसारख्या दोन्ही बाजूंनी उंच कातळ असलेल्या घळीत आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. काही उपग्रह झाकले जातात, तर काहींचे संदेश कातळावर आपटून लांबच्या वाटेने येतात. भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात पावसाने भिजलेल्या पानांखाली जुन्या यंत्राचे स्थान वारंवार हरवते. पडद्यावर ‘अचूकता १० मीटर’ असे दिसत असले, तरी तो यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज असतो, हमी नव्हे. उंचीचा आकडा तर आडव्या स्थानाहून नेहमीच कमी भरवशाचा. अशा जागी शिरण्यापूर्वी, आकाश मोकळे असतानाच, अखेरचे स्थान टिपून नकाशावर पेन्सिलीने खूण करावी.

मदत मागताना

सारी काळजी घेऊनही कुणी घसरते, कुणाचा पाय मोडतो, अंधार पडतो. धारेवर फोनला रेंज मिळाली तर ११२ या क्रमांकावर किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या मदतवाहिनीवर संपर्क साधता येतो. या वाहिनीचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा. अशा वेळी जुन्या यंत्रावरील दोन आकडे शोधपथकाचे कित्येक तास वाचवू शकतात. अट एवढीच, की ते नीट सांगितले गेले पाहिजेत.

प्रथम यंत्र मोकळ्या जागी काही मिनिटे स्थिर ठेवावे. मग अक्षांश आधी, रेखांश नंतर, या क्रमाने एकेक अंक सुटा उच्चारावा. दशांश चिन्ह कुठे आहे आणि आकडा अंशांत आहे, मिनिटांत आहे की सेकंदांत, हे स्पष्ट सांगावे. ऐकणाऱ्याकडून तो परत म्हणवून घ्यावा. यंत्रातील डेटम डब्ल्यूजीएस-८४ असल्याचे आणि आकडा नेमका किती वाजता घेतला तेही सांगावे. त्याला पायथ्याच्या गावाचे नाव, कोणत्या वाटेने चढलो आणि शेवटची ओळखीची खूण कोणती, याची जोड द्यावी. कारण पथकासोबत येणारा गावकरी अक्षांश-रेखांशांनी नव्हे, तर खिंड, ओढा आणि सोंड यांच्या नावांनीच डोंगर ओळखतो. आणि एकदा जागा कळवली, की मदत येईपर्यंत ती सोडू नये.